पांढऱ्या कपाळाची अक्षरं

आईबद्दल लिहायला बसलं की भल्याभल्यांची लेखणी पाघळते. माझी पाघळत नाही. माझ्या आईनं मला खाऊपिऊ घातलं, तापात उशाशी बसली, आणि दोन-चार दुपारींत शेजारणींना हाताशी घेऊन, हसतखेळत, माझ्या आयुष्यावर पाणी ओतलं. आपण काय केलं हे तिला मरेपर्यंत उमगलं नाही. मला उमगलं होतं, म्हणून राग माझ्या वाट्याला आला. तो मी अजून सांभाळून आहे.

देश स्वतंत्र होऊन आठ-दहा वर्षं झाली होती. आम्ही वर्ध्याला राहत होतो. वडील जिनिंगमध्ये काट्यावर होते, येणाऱ्या कापसाच्या गाड्या तोलून घ्यायचं त्यांचं काम. माझं लग्न समुद्रपूरकडच्या एका खात्यापित्या घरात झालं आणि वर्षाच्या आत नवरा विषमज्वरानं गेला. सासरच्यांनी मला ट्रंकेसकट परत आणून सोडलं. आमच्या जातीत विधवेचा पाट लागायचा, आमच्याच गल्लीत लागलेले होते. पण आमचं घराणं स्वतःला जातीपेक्षा दोन बोटं वर समजायचं, आणि ती दोन बोटं राखायचं काम माझ्याकडे आलं होतं.

माझं कुंकू सासरी पुसलं गेलं. ते पुन्हा लागू नये याची राखण माहेरी आईनं केली. एकदा उन्हाळ्यात डोकं ठणकत होतं म्हणून मी सहाणेवरचं चंदन कपाळाला लावलं. आई चुलीपुढून उठली, पदराचं टोक ओलं केलं आणि ते पुसून काढलं.

"डोकं दुखते तं कानशिलाले लाव," ती म्हणाली. "कपाळाच्या मधात काऊन लावलं?"

ती रागावली नव्हती. लहान पोराचं नाक पुसावं तसं तिनं माझं कपाळ पुसलं आणि परत भाकरी थापायला बसली. तिच्या स्वतःच्या कपाळावर मोठं, गोल, मेणावर लावलेलं कुंकू असायचं. घामानंसुद्धा ते कधी ओघळलेलं मी पाहिलं नाही.

गावाबाहेर एक संस्था होती. तिथं सूत कातत, माग चालवत, गाई पाळत, आणि हे सगळं आपण करतो हे जगाला कळावं म्हणून एक छापखानाही चालवत. छापलेल्या पानांना घड्या घालायला बायका लागायच्या. विधवेनं बाहेर जाऊन काम करणं आमच्या घराण्यात बसत नव्हतं, पण संस्थेत जाणं म्हणजे देशकार्य, असा वडिलांनी तोडगा काढला. त्यांनी माझ्यासाठी केलेली ही एकमेव गोष्ट, आणि ती चांगली होती.

त्या संस्थेत एक जर्मन बाई राहायच्या. उंच, हडकुळ्या, खादीचं पातळ घोट्याच्या वर नेसलेल्या, पायात टायरच्या चपला. लढाईत त्यांचं सगळं घरदार गेलं असं लोक म्हणत; त्या स्वतः कधी त्यावर बोलल्या नाहीत. मराठी त्या पुस्तकातून शिकल्या होत्या. आमच्याकडे 'पाणी दे वं' म्हणतात, तिथं त्या 'मला थोडे जल मिळू शकेल काय' असं विचारायच्या आणि पाणी आणायला गेलेली बाई माठाशी पदरात तोंड घालून हसत उभी राहायची. लहानमोठ्या सगळ्यांना त्या 'आपण' म्हणत. मला त्याआधी कुणी 'आपण' म्हटलं नव्हतं.

बाईंनी संस्थेच्या कामाबद्दल जर्मनमध्ये एक लहानशी पुस्तिका लिहिली. ती त्यांच्या देशातल्या मित्रमंडळींना पाठवायची होती. आमच्या छापखान्यातला रोमन टाइप इंग्रजीचा, तोही जाडजूड, जाहिराती छापायचा. जर्मनमध्ये ए, ओ आणि यू या तीन अक्षरांच्या डोक्यावर कधी कधी शेजारी शेजारी दोन टिंबं असतात. तशी अक्षरं आमच्या खणांत नव्हती. कलकत्त्याहून मागवू या, असं बाई म्हणाल्या, तर व्यवस्थापक म्हणाले, "टिंबांसाठी संस्थेनं खर्च करायचा? टिंबांवाचून वाचतील लोक."

टिंबांवाचून ती भाषा वाचता येते, पण भलतीच वाचता येते. टिंबाऐवजी शेजारी एक जास्तीचं अक्षर टाकायची सोय आहे म्हणे, पण ती तारेची भाषा, आणि बाईंना आपल्या लोकांना तार पाठवायची नव्हती. शेवटी असं ठरलं की पुस्तिका टिंबांशिवाय छापायची आणि टिंबं हातानं द्यायची. लग्नाआधी मी शाळेत थोडं इंग्रजी शिकले होते, अक्षरं ओळखत होते, हात स्थिर होता. काम माझ्याकडे आलं.

बाईंनी एका प्रतीवर खुणा करून दिल्या असत्या तर मी बघून बघून नकलून काढलं असतं. पण त्यांना नक्कल नको होती. त्यांनी छापखान्यातल्या कागदाच्या कातरणाचे चौकोन केले आणि एकेका चौकोनावर एकेक शब्द लिहिला. मग त्या दोन दोन चौकोन माझ्यापुढे ठेवायच्या. डोळ्याला दोन्ही सारखे. 'शोन' म्हणजे आधीच, आणि टिंबं दिली की 'श्योन', म्हणजे सुंदर. 'द्रुकन' म्हणजे छापणं, टिंबं दिली की दाबणं. छापखान्यात बसून हा फरक कशाला हवा असं मला वाटलं, कारण आमच्याकडे दाबल्याशिवाय काही छापलंच जात नव्हतं. 'मुटर' म्हणजे आई. तिच्यावर टिंबं दिली की पुष्कळ आया. एक आई पुरे, असं मी म्हटलं तेव्हा बाई हसल्या. त्यांना वाटलं मी प्रेमानं म्हणते आहे.

टिंबवाल्या यूचा उच्चार आपल्या तोंडात नाही. ओठ 'ऊ'साठी गोळा करायचे आणि आतून 'ई' म्हणायची, असं बाईंनी शिकवलं. मी घरी चुलीपुढं बसून ते घोटायची. चूल फुंकताना ओठ तसेच होतात, त्यामुळे मला सोपं गेलं.

"काय करून राह्यली वं?" आई म्हणायची. "पेटला न विस्तू. आता कोणाले फुकतं?"

पण खरी ओळख ओठांनी होत नव्हती, कारण छापलेल्या पानावर सगळीच अक्षरं उघडी होती. कोणता शब्द टिंबाचा आणि कोणता बिनटिंबाचा, हे अख्खं वाक्य वाचून ठरवायचं. बाई म्हणायच्या, "शब्दाचा चेहरा पाहू नका. त्याच्या शेजारी कोण बसले आहे ते पाहा." क्रियापद एकाचं असेल तर आई एक, अनेकांचं असेल तर आया. सगळ्यात अवघड जोडी 'वुर्दं' आणि 'व्युर्दं' ही होती. बिनटिंबाचा शब्द म्हणजे झालं, घडलं. त्यावर दोन टिंबं ठेवली की झालं असतं, घडलं असतं. शाळा बांधली गेली. टिंबं द्या, शाळा बांधली गेली असती. मी त्या जोडीवर दिवसचे दिवस घालवले. घडलेलं आणि न घडलेलं यांच्यात दोन ठिपक्यांचा फरक असलेली भाषा मला फार खरी वाटली. बाकी भाषांत लोक ते लपवतात, असं मला तेव्हा वाटायचं.

सहा महिन्यांत मी ती पुस्तिका वाचायला लागले. बोलायला अडखळायची, पण वाचलेलं कळायचं. वाक्य वाचलं की कोणत्या डोक्यावर टिंबं हवीत हे दिसायचं. बाईंनी माझी परीक्षा घेतली, उलटसुलट घेतली, एकही जागा चुकली नाही. त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "आपण आमच्या देशात जाऊन शिकाल काय?"

त्यांच्या ओळखीची एक बाई तिकडच्या एका गावात दवाखाना चालवायची आणि त्याला जोडून परिचारिकांची शाळा होती. तिथं हिंदुस्थानातली एक मुलगी घ्यायची त्यांची तयारी होती. जाण्यायेण्याचं ती मित्रमंडळी बघणार होती. अट एकच, मुलीला भाषा यायला हवी. मग बाईंनी पुस्तिकेच्या शेवटी चार ओळी वाढवल्या. या पुस्तिकेतलं प्रत्येक टिंब वर्ध्याच्या एका तरुण विधवेनं स्वतःच्या हातानं, समजून दिलं आहे. तिला आपण बोलवावं. एवढंच. म्हणजे पुस्तिका हीच माझी परीक्षा होती, आणि प्रत्येक प्रतीत माझा पेपर होता.

घरी मी भीत भीत सांगितलं. वडील सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "बिमार माणसाची सेवाच करायची ना? मंग जाऊ द्या." आईनं डोळ्याला पदर लावला, पण नाही म्हटलं नाही. उलट दुसऱ्याच दिवशी जुनी लुगडी काढून एक जाड वाकळ शिवायला घेतली. तिकडं थंडी फार असते हे तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण मी पुढं पुष्कळ वर्षं शोधत राहिले की तिनं ते जाणूनबुजून केलं का. जाणूनबुजून केलं असतं तर बरं झालं असतं. कधीतरी माफ करता आलं असतं.

छापून झालेल्या प्रती मी घरी आणल्या, शंभरेक असतील. दुपारी ओसरीत बसून काम करायची. निबेनं कागद फाटायचा, म्हणून मी तुराटीची काडी तासून घेतली होती. शाईत टोक बुडवलं की बेताचा, गोल ठिपका उठायचा. माझी एक रीत होती. पोळ्या करताना आधी सगळे कणकेचे उंडे करून घ्यावेत तसं, आधी सगळ्या प्रतींमधले ए उरकायचे, मग सगळ्यांमधले ओ, आणि यू शेवटी, कारण यू अवघड. एक नमुन्याची प्रत मात्र मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरी केली होती. ती गठ्ठ्यात सगळ्यात वर असायची.

आई जवळ बसून कापसाच्या वाती करायची आणि बघायची. तिला अक्षर येत नव्हतं. रोमन यू तिला वाटीसारखा दिसायचा. नमुन्याच्या प्रतीवर काही वाट्यांच्या डोक्यावर टिंबं होती, बऱ्याचशा वाट्या मोकळ्या होत्या.

"हिले दोन दोन टिकल्या," ती एकदा बोट ठेवून म्हणाली, "अन् ही काऊन बोडकी?"

"तिले नाई लागत."

"काऊन? तिनं काय केलं?"

मी कामात होते. म्हटलं, "काई नाई केलं वं तिनं. ते तशीच असते."

आईनं "हो का?" म्हटलं आणि वात वळायला घेतली. एवढंच बोलणं झालं. माझ्या बोलण्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि मी आजही तेच उत्तर दिलं असतं.

ए झाले, ओ झाले. यूला हात घालायचा आणि मी तापानं पडले. हिवतापच तो, आमच्याकडे तेव्हा घरोघर होता. हुडहुडी भरायची, मग अंग भाजून निघायचं. नेमका संक्रांतीनंतरचा पंधरवडा. बाईंचे एक ओळखीचे पाहुणे नागपूरहून मुंबईला आणि तिथून बोटीनं जर्मनीला निघायचे होते, त्यांच्याबरोबर पुस्तिका जायची होती. त्यांचा दिवस ठरलेला होता. मी तापात यू राहिले, यू राहिले असं बडबडत होते असं आई नंतर सांगायची. मायेनं सांगायची.

त्या पंधरवड्यात गल्लीत रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू. आमचं होतं त्या दिवशी मी आतल्या खोलीत होते. ताप नसता तरी मी आतल्याच खोलीत असते. हळदीकुंकवाच्या दिवशी माझी जागा तीच होती. दार लोटलेलं होतं. बाहेर बांगड्या वाजत होत्या, तिळगुळाचा वास येत होता, अत्तरदाणी इकडून तिकडं जात होती. बायका आल्या की लगेच जातात, आणखी चार घरी जायचं असतं. पण त्या दिवशी कुणी हलत नव्हतं. नुसतं हसणं चाललं होतं.

"हिले पण लावा वं, हे राह्यली."

"थांब, माह्या हातची लावू दे."

"एका रांगेत झाल्या सगळ्या. आता कशा गोजऱ्या दिसून राह्यल्या पाय."

मला वाटलं, नव्या आलेल्या सुनांना कुंकू लावताहेत. कोण कोण आली असेल याचा मी ग्लानीत विचार करत होते. मग मला झोप लागली.

आईनं काय केलं होतं ते आता सांगते. तिनं पुस्तिकांचा गठ्ठा ओसरीत मधोमध ठेवला. शाईची दौत वाटीत ओतली. तुराट्यांच्या काड्या तासून एकेकीच्या हातात दिल्या. म्हणाली, लेकीचं काम अडून राह्यलं, दोन दोन टिकल्या लावू लागा. वाटीसारखं अक्षर दिसलं की लावायची. आणि बायका रमल्या. दुसऱ्यांच्या घरच्या हळदीकुंकवाहून परत येऊन रमल्या. पुढचे दोन-तीन दिवस दुपारी येत राहिल्या. हळदीकुंकवानं लाल-पिवळ्या झालेल्या बोटांनी त्यांनी शंभर प्रतींमधला एकूणएक यू सवाष्ण करून टाकला. एकही बोडका ठेवला नाही; माझी नमुन्याची प्रत तेवढी आधीच झालेली म्हणून बाजूला ठेवली होती.

मी उठून बसायच्या आत संस्थेचा माणूस येऊन गठ्ठा घेऊन गेला. बाईंनी वरची प्रत उघडून पाहिली. ती माझी नमुन्याची, बिनचूक. त्यांनी गठ्ठ्यावर कापड शिवून पाहुण्यांच्या हवाली केला. मी बरी होऊन संस्थेत गेले तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात धरून आभार मानले. यू कुणी पुरे केले असं मी घरी विचारलं नव्हतं असं नाही. आई म्हणाली, "केले आम्ही. तुह्या नमुन्यावरून केले." नमुन्यात प्रत्येक जागा दिसत होती, शंका यायचं कारण नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. वाकळ शिवून झाली होती. आईनं तिच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं स्वस्तिक काढलं होतं.

पावसाळा लागला तेव्हा उत्तर आलं. उत्तराबरोबर एक प्रतही परत आली होती. बाईंनी ती माझ्यापुढे उघडून ठेवली. मी पहिलं पान वाचलं. 'आणि' या शब्दावरसुद्धा टिंबं होती. जिथं जिथं वुर्दं होतं तिथं व्युर्दं झालं होतं. इथं सूत कातलं गेलं असतं. शाळा बांधली गेली असती. विहीर खोदली गेली असती. संस्थेनं इतक्या वर्षांत जे जे केलं ते सगळं करायचं राहून गेलेलं होतं. एकेका पोराला चार-चार आया झाल्या होत्या. नाताळात बाईंनी गुळाचा केक करून सगळ्यांना वाटला होता. त्या शब्दावर टिंबं पडली की स्वयंपाकघरं होतात, म्हणून सगळ्यांनी मिळून स्वयंपाकघरं खाल्ली होती. आणि शेवटी त्या चार ओळी होत्या. प्रत्येक टिंब हिनं स्वतःच्या हातानं, समजून दिलं आहे.

ए आणि ओ बरोबर होते. एकही चुकला नव्हता. तिकडं ते कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा योगायोग वाटला असेल.

मित्रमंडळी सभ्य होती. पुस्तिका वाचून आमची फार करमणूक झाली, असं त्यांनी लिहिलं होतं. मुलगी कष्टाळू दिसते, पण दवाखान्यात औषधांच्या बाटल्यांवरची नावं वाचावी लागतात. त्यांनी दक्षिणेकडची एक मुलगी घेतली होती.

मी बाईंना खरं काय झालं ते सांगितलं. हळदीकुंकू म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं. त्यांचा विश्वास बसला, आणि तो बसल्यावरच त्या जास्त दुखावल्या. "काम राहिले आहे हे आपण मला का कळवले नाही? मी दुसऱ्या जहाजाने पाठवले असते." मी पुन्हा लिहा म्हटलं. त्या म्हणाल्या, लिहीन. लिहिलं असेलही. पण जागा एक होती आणि ती भरली होती. त्यानंतर कातरणाचे चौकोन त्यांनी माझ्यापुढे मांडले नाहीत. आपल्या माणसांत झालेलं हसं त्यांच्या जिव्हारी लागलं होतं, आणि मी दिसले की त्यांना ते आठवायचं. पुढच्या थंडीत त्या डोंगराकडच्या दुसऱ्या कुठल्या संस्थेत निघून गेल्या. व्यवस्थापकांनी मात्र सगळ्यांना बरीच वर्षं सांगितलं की टिंबं दिलीच नसती तर काही बिघडलं नसतं. या बाबतीत ते बरोबर होते, याचा मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त संताप येतो.

परत आलेली ती प्रत घेऊन मी घरी आले. तिन्हीसांजेच्या आधीची वेळ होती. आई न्हाऊन आली होती आणि आरशापुढे बसून कुंकू लावत होती. करंडा उघडा होता. मी प्रत तिच्या मांडीवर ठेवली.

"हे काऊन केलं?"

"काय केलं?"

"सगळ्यांवर काऊन टिंबं देल्ली? मी सांगतलं होतं न तुले, काहींले नसते म्हणून."

तिनं पान डोळ्याजवळ नेलं. रांगेनं सगळ्या वाट्या भरलेल्या पाहून तिचा चेहरा जरा खुललाच.

"पाह्यवे नाई वं मले," ती म्हणाली. "अर्ध्या कुंकवाच्या अन् अर्ध्या बोडक्या, एका रांगीत. सणाच्या दिवशी घरात ठेवाच्या कशा? अन् तूच म्हणली होती न, तिनं काई नाई केलं म्हणून. काई केलं नाई, तं बोडकी काऊन ठेवाची?"

ती खरंच विचारत होती. तिला उत्तर हवं होतं.

"मी काय केलं होतं?" मी म्हटलं.

तिला पहिल्यांदा कळलं नाही. मग माझं कपाळ तिच्या नजरेला आलं, आणि तिथून तिनं नजर खाली घेतली. मी तिच्या शेजारी बसले. करंड्याकडे हात नेला, आणि बोट कुंकवाला लागायच्या आधीच तिनं माझं मनगट धरलं. घट्ट नाही धरलं. तापात धरायची तसंच.

"अक्षराले कोण बोलते, बाई?" ती अगदी हळू म्हणाली. "तुले लोक बोलतील."

मग तिनं करंड्याचं झाकण लावलं आणि तो फडताळात, माझा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवून दिला.